नऊ काठ्यांची ओळ

यून-शीला पहिली शंका आली ती तुंगच्या झाडांमुळे.

लोंगयेनकेंगच्या त्या उतारावर तुंगची पाच-सहा झाडं होती, आणि सगळीच्या सगळी बुंध्याशी खाली झुकून मग वर वळलेली. घसरता घसरता सावरलेल्या बायकांसारखी. जमीन जागच्या जागी असली तर झाड असं वाकत नाही, हे भूशास्त्राच्या बाई, चान लाओशींनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं. पायाखालची माती मुंगीच्या पावलानं खाली जाते, झाड तिच्याबरोबर कलतं आणि मग जन्मभर उजेडाकडे मान वळवत राहतं. आणि इथे यून-शीच्या हातातल्या वहीत, पेंग शाओ-वेनच्या मोत्यासारख्या अक्षरात, मार्चपासून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट लिहिलेली होती. माती हललेली नाही.

"झाडं एक सांगतात, तू एक सांगतोस," ती म्हणाली.

"झाडं पन्नास वर्षांचं सांगतात, मी तीन महिन्यांचं," शाओ-वेन दोरीचा गुंता सोडवत म्हणाला. "आणि तू आज उगवलीस, लंगडत लंगडत. जरा दम तरी खा."

भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला रानात जाऊन मोजमाप शिकावं लागे, आणि दोघादोघांच्या जोडीला एकेक जागा मिळे. यांच्या वाट्याला हा चहाचा उतार आला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गानं मिळून इथल्या पायवाटेच्या कडेनं बांबूच्या नऊ काठ्या रोवल्या. बोटाएवढ्या जाड, डोक्याला लाल रंग. ओळीच्या एका टोकाला कासवशिळा, दुसऱ्या टोकाला भूमीदेव पाक-कुंगचं गुडघ्याएवढं देऊळ ज्यावर बसलंय तो खडक. हे दोन्ही डोंगराच्या हाडाचे, ते हलत नाहीत. दोन्हींत लोखंडी खिळा ठोकायचा, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत दोरी ताणायची, दोरीखाली काठ्या. दर दुसऱ्या सोमवारी येऊन दोरी पुन्हा ताणायची आणि कुठली काठी किती खाली गेली ते मोजायचं. सेंटिमीटरच्या आतला फरक दोरीच्या झोलाचा आणि वाऱ्याचा, तो धरायचा नाही. इतकं सोपं, की मुलांनी नाकं मुरडली होती.

सोपं होतं, पण पोरखेळ नव्हता. उताराच्या पायथ्याशी किम-मोइ आपोचं लाल विटांचं घर होतं. म्हातारी त्यात एकटीच राहायची. वर्गाचा अहवाल जूनच्या शेवटच्या शुक्रवारी तालुक्याच्या कचेरीत जायचा होता, आणि वादळ आलं की कुणाला घरातून हलवायचं ती यादी कचेरी त्यावरून करणार होती. तक्त्याखाली सह्या दोन लागत, मोजणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची. यून-शीचा घोटा मार्चमध्येच मोडला, तेव्हा लाओशींच्या परवानगीनं मोजलंही शाओ-वेननं आणि लिहिलंही त्यानंच. आता जोडीदार म्हणून तिची सही हवी होती. ती सही म्हणजे आपोला सांगणं होतं, की आजी, खुशाल झोप, तुझ्या उशाशी कुणी येत नाही.

तिनं वहीची पानं उलटली. पावसाच्या दिवसांची पानंसुद्धा कोरडी, चिखलाचा एक थेंब नाही.

"एवढी स्वच्छ वही रानातली असते का रे?"

"सदऱ्याच्या आत ठेवतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. हुंगून बघ, घामाचा वास येईल."

तिनं हुंगून बघितलं नाही. पण त्या दिवशी दोरी तिनं स्वतः ताणली, पट्टी स्वतः धरली. मधल्या, पाचव्या काठीपाशी गुडघे टेकून वाचलं, तर पाच मिलिमीटर. बाकीच्या त्याहून कमी. शाओ-वेननं भुवया उडवल्या. तेच तिला जास्त खुपलं.

खालच्या ओळींतून गाणं आलं. चहा खुडणाऱ्या बायका या डोंगरात एकमेकींना गाण्यातूनच हाक मारतात, गाण्यातूनच चिमटे काढतात. आपोचा आवाज वाळल्या शेंगेसारखा खुळखुळत वर चढला, आणि तिची मान वळली होती वरच्या घराकडे, कासवशिळेच्या पलीकडे.

वरच्या घरी राहतो गं, दीर माझा देवभोळा,
दिवसा लावी उदबत्ती, रात्री जमिनीवर डोळा.

यून-शी दक्षिणेच्या बंदरातली, तिला हक्का बोली कळत नसे. "काय म्हणतेय?"

"दिराला शिव्या घालतेय. थिएन-फुक, वरच्या मळ्याचा मालक. जुनं भांडण असेल." शाओ-वेन हसला. त्याच्या घरी हीच बोली होती. तेवढ्यात म्हातारी टोपीच्या काठाखालून त्याला काहीतरी ओरडून बोलली, तो तसाच ओरडून बोलला, आणि दोघं हसले.

"आता काय म्हणाली?"

"जेवलास का, विचारलं."

"आणि तू?"

"जेवलो म्हटलं."

एवढ्याशा बोलण्याला इतकं हसू कशाला, यून-शीच्या मनात आलं. लाओशींचा नियम होता, ज्यांची जमीन मोजता त्यांच्या घरी जेवायचं नाही; पोटात गेलेला घास आकड्यात उतरतो. आणि या दोघांची तर जुनी ओळख दिसत होती. कचेरीच्या यादीत नाव आलं, की म्हातारीला दर वादळात घर सोडावं लागणार. तिला ते नको असेल. गोड बोलून तिनं या मुलाला वळवलं असेल, तर?

शंकेचं बी बारीक असतं, पण जूनच्या पावसात ते तट्ट फुगतं. मळाभर चहाच्या कोवळ्या पानांना तुडतुडे लागले होते. ते पान चावतात आणि त्या चावण्यानंच चहाला मधाचा वास येतो, म्हणून कुणी त्यांना हाकलत नाही. यून-शीनंही आपली शंका हाकलली नाही. पावसाचे बारा दिवस तिनं ती स्वतःला चावू दिली.

तेराव्या दिवशी, शनिवारी, कुणाला न सांगता ती स्कूटरवरून एकटी आली. पाऊस नुकताच थांबला होता, पानापानातून पाणी टिपकत होतं. खिळ्याला दोरी बांधून ती दुसऱ्या खिळ्यापर्यंत गेली, घोटा ठणकत होता तरी. मग पाचव्या काठीपाशी वाकली.

सहा सेंटिमीटर.

तिनं पट्टी पुसली, पुन्हा लावली. तेच. दोरी सोडून पुन्हा ताणली, तरी तेच. चौथी आणि सहावी पाच-पाच, टोकाच्या काठ्या जिथल्या तिथे. नऊ काठ्यांची ओळ मध्ये पोट सुटल्यासारखी खाली आली होती. तिनं वर बघितलं. तुंगची झाडं तशीच उभी होती, कंबरेवर हात ठेवून. बघ, आम्ही काय म्हणत होतो?

एकट्यानं घेतलेलं माप धरत नाहीत. तरी वहीच्या शेवटच्या पानावर तिनं पेन्सिलीनं लिहिलं: शनिवार, एकटी, पाचवी काठी सहा सेंमी. त्याखाली थांबून थांबून: शाओ-वेन काठ्या मागे, ओळीत लावतो का? रानातल्या वहीत पेन्सिलच चाले आणि खोडायचं काहीच नसे. चुकलं तर त्यावरून एक रेघ, बाजूला बरोबर ते, तारीख आणि आद्याक्षर. एखाद्याकडे खोडरबर दिसला की लाओशी तो खिडकीबाहेर भिरकावत. "चूक झाकलीत, तर चूक झाली कशी हे कसं शिकाल?"

सोमवारी बसमध्ये तिची नजर आधी त्याच्या बुटांवर गेली. घोट्यापर्यंत तांबडी माती, अजून ओलसर. विद्यापीठाच्या आवारातली माती काळपट. ही तांबडी लोंगयेनकेंगची.

"काल कुठे होतास?"

"खोलीवर. झोपलो होतो दिवसभर." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, आणि पाय हळूच आसनाखाली ओढून घेतले.

त्या पाय ओढण्यानं सगळं ठरलं. बस घाट चढत असताना तिनं शेवटचं पान उघडलं आणि प्रश्नाखाली नवी ओळ लिहिली: शाओ-वेन रविवारी येऊन काठ्या मागे लावतो. शेवटी पूर्णविराम दिला, पेन्सिल दाबून.

उतारावर पोचल्यावर ती सरळ कामाला लागली. दोरी ताणली, पट्टी लावली. पाचवी काठी चार मिलिमीटर. चौथी तीन, सहावी तीन. ओळ अशी सरळ, की सुतारानं आखावी.

"चार," शाओ-वेननं लिहिलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं? निवांत डोंगर आहे."

"डोंगर वर चढतो का रे?"

"म्हणजे?"

"शनिवारी मी आले होते, एकटी. हीच काठी सहा सेंटिमीटर खाली होती. आज चार मिलिमीटर. दोन दिवसांत डोंगर उलट्या पावली वर गेला म्हणायचा."

शाओ-वेनचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "तू माझ्या मागे येऊन मोजून गेलीस?"

"आणि तू माझ्या मागे येऊन सरळ करून गेलास. बूट बघ स्वतःचे. काल इथे होतास ना?"

त्यानं बुटांकडे बघितलं. खालून पानं खुडल्याचा कटकट आवाज येत होता.

"होतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"जेवायला."

यून-शीला हसूच आलं, वाईट हसू. "जेवायला! अरे, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल."

"खरंच जेवायला. आपो तांदळाच्या पिठाचे कानवले करते, आत मुळ्याचा वाळवलेला कीस. माझी आजी करायची तसे. आजी गेली त्याला दोन वर्षं झाली." तो काठ्यांकडे बघून बोलत होता, तिच्याकडे नाही. "लाओशींचा नियम मोडला, म्हणून सांगितलं नाही. पण काठीला मी बोट लावलेलं नाही. पटत नसेल तर सही करू नकोस."

"करणारच नाही. शुक्रवारी लाओशींना सांगणार. ती म्हातारी खाली झोपते, शाओ-वेन! तू खातोस तिच्या हातचे कानवले, आणि तिच्याच उशाशी—"

रागानं ती पाचव्या काठीपाशी बसली. ओल टिकावी म्हणून चहाच्या ओळींत शेंगदाण्याची टरफलं पसरलेली असतात. काठीभोवती ती जरा जास्तच होती, कुणीतरी हातानं सारखी केल्यासारखी. आकडा पटला नाही तर कागदाला विचारू नका, जमिनीला विचारा, असं लाओशी म्हणायच्या. तिनं दोन्ही हातांनी टरफलं बाजूला केली. काठी उपटून पुन्हा रोवली असेल तर जुनं भोक असणारच, आणि ते भोक दाखवून ती विचारणार होती, की हे काय?

भोक होतं. काठीच्या खालच्या अंगाला, सहा सेंटिमीटरवर, मातीनं चेपून बुजवलेलं. आणि त्यात रोवलेली होती उदबत्तीची लाल काडी, जळून उरलेली.

तिनं आणखी टरफलं सारली. खाली अजून एक काडी. तिच्याखाली अजून एक. उताराच्या दिशेनं एकाखाली एक, चिमणीच्या पावलांसारख्या, सात लाल काड्या.

"हे काय आहे?" शाओ-वेन तिच्या शेजारी टेकला. त्याच्या आवाजात नाटक नव्हतं. त्यानं चौथ्या काठीची टरफलं उकरली. तिथेही सात.

"ए! हात लावू नका! साक्षीच्या आहेत त्या!"

किम-मोइ आपो टोपलीसकट ओळी ओलांडत वर येत होती, कुदळ काठीसारखी टेकत. यून-शीकडे बघून ती मोडक्या मँडरिनमध्ये बोलली, म्हणजे हिलाही कळावं. "तूच ना गं ती? शनिवारी निळी टोपी घालून इथे वाकली होतीस. मला वाटलं, त्या हरामखोरानं माणूस पाठवला."

"कुणी, आपो?"

"कुणी काय! माझा दीर. थिएन-फुक!" तिनं कुदळीनं वरचं घर दाखवलं. "पाक-कुंगपासून कासवशिळेपर्यंत सरळ रेघ, वरचं धाकट्याचं, खालचं आमचं. हे सासऱ्यांनी चालून दाखवलं होतं, माझ्या लग्नाच्या वर्षी. बरं झालं तुम्ही सरकारी लोकांनी काठ्या लावल्या—"

"आम्ही सरकारी नाही, आपो. शिकाऊ आहोत. आणि ती वाट आयती होती म्हणून ओळ तिथे लावली," शाओ-वेन म्हणाला.

"तेच ते. मी म्हटलं, आता झाली कायमची हद्द. तर दुसऱ्या पंधरवड्यात बघते, मधल्या काठ्या बोटभर खाली! माझ्या मळ्यात! टोकाच्या तिथेच, कारण तिथे देव बसलाय, तिथे हात लावायची छाती नाही मेल्याची. मधूनच सरकवतो, गुपचूप. म्हणून मी महिन्याच्या एकला आणि पंधराला, चंद्राच्या तिथीनं, पहाटे पाक-कुंगला उदबत्ती लावायला येते ना, तेव्हा माझी रोपं लावायची दोरी बांधते आणि काठ्या जिथल्या तिथे आणते. आणि त्यानं जिथपर्यंत आणली होती तिथे देवापुढची काडी रोवते. देवानं बघावं, किती खाल्लं ते!"

ती दमून थांबली. चेहऱ्यावर विजय होता. "काल पंधरा होती. काल तर चांगली चार बोटं खाली होती. आता सांगा कचेरीत जाऊन."

यून-शीनं पट्टी उचलली. शाओ-वेननं तिच्याकडे न बघता दुसरं टोक धरलं. सगळ्यात खालची काडी पहिल्या खेपेची. काठी मुळात जिथे रोवली होती, ती माती आता तिथे येऊन पोचली होती. तिथून वर एकेक अंतर ती वाचत गेली. दोन. दोन. तीन. तीन. चार. पाच. आणि शेवटी, शनिवारचे सहा.

पंचवीस सेंटिमीटर. वीतभराहून जास्त, आणि प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लांब.

काठीला कुणी हात लावला नसता, तर तिनंच हे सांगितलं असतं. लावला, तरी मातीनं सांगितलंच. पंधरवडाभर डोंगर उतरायचा, म्हातारी काठी पुन्हा ओळीत आणायची, आणि एक-दोन दिवसांनी सोमवारी ही पोरं येऊन निवांत डोंगर लिहून जायची.

"आपोला सांग," यून-शी हळूच म्हणाली. "तुमच्या बोलीत सांग."

शाओ-वेन म्हातारीपुढे उकिडवा बसला आणि बोलू लागला. यून-शीला शब्द कळत नव्हते, पण हाताची एक खूण तिला कळली, उताणा तळवा, हळूहळू खाली घसरणारा. आपोनं आधी मान झटकली. मग काड्यांकडे बघितलं. मग वाकलेल्या झाडांकडे, आणि शेवटी आपल्या पायांकडे. आणि तिनं पाऊल उचलून बाजूच्या दगडावर ठेवलं. झोपलेल्या माणसावर चुकून पाय पडावा तसं, दचकून.

"कुणीच सरकवत नाही?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही, आपो. डोंगर स्वतःच खाली येतोय."

"आणि मी चार महिने त्याला... गाण्यातून... सगळ्या खोऱ्यानं ऐकलं रे!"

"गाणी चांगली होती पण," शाओ-वेन म्हणाला. "मी दोन पाठ केलीत."

"कानाखाली वाजवीन!"

तेवढ्यात वरून आवाज आला. "पुन्हा उपटतेय वाटतं?" थिएन-फुक कासवशिळेपाशी उभा होता. सत्तरीचा, बनियनवर, हातात गुंडाळी केलेला कागद. "बरं झालं पोरं समोर आहेत. मुलांनो, नीट बघून घ्या. ही बाई दर पंधरवड्याला पहाटे येते आणि हद्दीच्या काठ्या वर सरकवते, माझ्या मळ्यात! मी बोललो नाही, भावाची बायको आहे म्हणून. पण लिहून ठेवलंय." त्यानं कागद उलगडला. भिंतीवरचं कॅलेंडर होतं ते, मार्चपासूनचं. तारखांवर पेनानं फुल्या मारलेल्या.

यून-शीनं त्या मोजल्या. सात होत्या.

तिनं शाओ-वेनकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे. एकीला दिराचा संशय, एकाला भावजयीचा. आणि त्या दोघांनी मिळून, एकमेकांशी एक शब्द न बोलता, अख्ख्या वर्गाला जमली नाही ती नोंद ठेवली होती. डोंगर किती चालला ते एकीनं काडीनं लिहिलं, कधी चालला ते दुसऱ्यानं फुलीनं.

"काका, हे कॅलेंडर आम्हाला द्याल?" यून-शी म्हणाली. "आणि आधी खाली या, बसा. जरा वेगळंच आहे."

चान लाओशी दुपारी आल्या. नऊही काठ्यांची टरफलं त्यांनी स्वतः बाजूला केली, काड्या मोजल्या. टोकाच्या काठ्यांपाशी एकही नव्हती, मधल्या पाचांपाशी सात-सात. मग त्या चिखलातच बसल्या.

"हद्दीवर ओळ लावली मी," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं हेच शिकवतेय, आणि एका माणसाला विचारलं नाही, की बाई, ही वाट कसली आहे? लिहून घ्या. पहिली चूक माझी." मग शाओ-वेनकडे वळून, "आणि जेवायचं नाही हा नियम कुणी मोडला म्हणे?"

"मी, लाओशी."

"कानवले उरलेत का?"

"आहेत, आहेत!" आपो म्हणाली, आणि मातीनं माखलेल्या हातानं डोळे पुसले.

शुक्रवारची वाट कुणी बघितली नाही. लाओशींनी तिथूनच कचेरीत फोन लावला. दक्षिणेच्या समुद्रात वादळ धरत होतं, आठवड्याच्या आत इकडे येईल असा अंदाज होता. आपोला घर सोडावं लागणार होतं, आणि बहुधा एका वादळापुरतं नाही. ती चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. "ही चूल मी लग्नात लिंपलीय," एवढंच म्हणाली. दारातूनच, आत न येता, थिएन-फुक म्हणाला, "वहिनी, वरची पूर्वेची खोली रिकामी आहे. खडकावर आहे."

"झाडलेली आहे का?"

"नाही."

"मग सांगतोस काय? झाडून ये आधी."

तो गेला. जाताना दाराशी ठेवलेली पितळी हंडी त्यानं उचलून खांद्यावर घेतली, विचारलं नाही. म्हातारीनं ओरडून काही म्हटलं नाही, हे बघून शाओ-वेननं भुवया उडवल्या.

संध्याकाळी बसची वाट बघत दोघं पाक-कुंगच्या खडकाखाली बसले. जुन्या तक्त्यावर यून-शीनं एक आडवी रेघ मारली. खोडलं काहीच नाही. शेजारच्या पानावर नवा तक्ता लिहिला, काड्यांची अंतरं, फुल्यांच्या तारखा. लाओशींसमोर पुन्हा मोजलं होतं शाओ-वेननं, लिहिलं तिनं. आपली सही केली आणि वही त्याच्याकडे सरकवली. त्यानं सही केली.

मग पानं आपोआप उलटली की त्यानं उलटली, कोण जाणे. शेवटचं पान उघडलं. शाओ-वेन रविवारी येऊन काठ्या मागे लावतो. तो पूर्णविराम इतका दाबलेला, की कागदाला खड्डा पडला होता.

यून-शीचा हात पुढे गेला आणि थांबला. पान फाडता आलं असतं. वही लाओशी तपासणार होत्या, सगळा वर्ग बघणार होता. पण रानातली वही होती ती. तिनं पेन्सिल घेतली, त्या ओळीवरून एक रेघ ओढली. रेघेखालून प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. बाजूला लिहिलं: चूक. काठ्या आपो लावत होती. शाओ-वेन जेवायला आला होता. तारीख टाकली, आद्याक्षर टाकलं, आणि वही त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं वाचलं. एकदा, मग परत.

"बूटसुद्धा हुंगलेस का माझे?"

"फक्त बघितले."

"हं." तो हसला नाही. वरच्या वाटेकडे बघू लागला, जिथे कंदिलासारखं काहीतरी हातात घेऊन म्हातारी चढत होती, पुढे दीर, तिचं गाठोडं खांद्यावर. तिचं गाणं खाली येत होतं, पण आज हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं. यून-शीनं विचारलं नाही, तरी या वेळी शाओ-वेननं ओळीमागून ओळ अर्थ सांगितला.

दिराला मी बोल लावी, वर बघून बघून,
चोर पायाखालून गं, गेला हळूच निघून.

मग त्यानं तिची पेन्सिल मागून घेतली, तिच्या रेघेखाली आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "वाचलं," आणि तारीख टाकली. वही मिटून प्लास्टिकमध्ये गुंडाळली, सदऱ्याच्या आत ठेवली.

"पुढच्या सोमवारी पट्टी तू धर," तो म्हणाला. "मी लिहीन. आणि मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवीन, प्रत्येक वेळी."

"प्रत्येक वेळी कशाला?"

"असू दे," तो म्हणाला, आणि घाटाखालून बसचे दिवे येताना दिसले.